आर्क्टिकमधली बंबलबी: ती नसेल तर तिथली फुलं खरंच संपतील का?

प्रश्न असा आला होता, थोडक्यात देते: "एका व्हिडिओत बघितलं की उत्तर ध्रुवाजवळसुद्धा बंबलबी असते. कीटक थंड रक्ताचे ना, मग तेवढ्या थंडीत ती उडते कशी? त्यात असंही म्हणत होते की ती संपली तर तिथली सगळी फुलं संपतील, हे खरं आहे का? आणि अशी थंडी सोसणारी जात आपल्याकडं आणून पॉलिहाऊसमधल्या टोमॅटोवर सोडता येईल का?"

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला त्यातला मधला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. मी परागीभवनावर काम करते आणि माझा बराचसा फील्डचा काळ कॅनडाच्या उत्तर टोकाला, नुनावुतच्या टुंड्रात, म्हणजे झाडं नसलेल्या गोठलेल्या माळरानात गेलाय, त्यामुळे जे हाताखालून गेलंय त्यावरून सांगते. पहिला प्रश्न नीट समजला की दुसऱ्याचं उत्तर आपोआप अर्धं मिळतं, म्हणून त्याच क्रमाने जाऊ.

आधी कोणाबद्दल बोलतोय ते. बंबलबी म्हणजे मधमाशीच्या नात्यातला मोठा, केसाळ कीटक. उत्तरेत बंबलबीच्या बऱ्याच जाती आहेत, पण तुमच्या व्हिडिओत होती ती बहुतेक बॉम्बस पोलॅरिस. १८२९ ते १८३३ मध्ये जॉन रॉसची जी आर्क्टिक मोहीम झाली, तिच्यात गोळा केलेल्या नमुन्यांवरून जॉन कर्टिस या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये तिचं वर्णन केलं. अलास्का, उत्तर कॅनडा आणि ग्रीनलंड हा तिचा मुलूख. नॉर्वे-स्वीडन-रशियाकडची आधी हिच्यातच धरायचे, आता ती वेगळी जात मानतात. एल्समिअर बेटावर लेक हेझन नावाचं सरोवर आहे, जवळपास ८२ अंश उत्तरेला, तिथेही ही घरटं करून पिल्लं वाढवते. त्याच्या पलीकडं फार जमीनच उरत नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण दरवेळी गोंधळ होतो: आपल्याकडं वासे पोखरणारा, निळसर काळ्या पंखांचा जो मोठा भुंगा दिसतो ती बंबलबी नाही, ती कार्पेंटर बी. महाराष्ट्रात बंबलबी नाहीच. भारतात ती बघायची तर हिमालयात किंवा ईशान्येकडच्या डोंगरात जावं लागतं.

आता थंडी. कीटक थंड रक्ताचे हे बरोबर आहे, पण अर्धंच. बंबलबीच्या छातीत उडायचे स्नायू असतात, ती पंख न हलवता नुसते ते स्नायू थरथरवू शकते आणि त्यातून उष्णता तयार होते. उडायच्या आधी छातीचं तापमान साधारण ३० अंशांच्या वर न्यावंच लागतं, नाहीतर पंख उचलतच नाहीत. बाहेर ३-४ अंश असले तरी आत ३५ च्या आसपास असू शकतं. टुंड्रात राणी एखाद्या दगडाच्या आडोशाला बसलेली दिसते, अगदी शांत, आपल्याला वाटतं थंडीने गारठली बिचारी, पण नीट बघितलं तर पोट पंप केल्यासारखं आत-बाहेर होत असतं, म्हणजे ती इंजिन गरम करत असते, आणि मिनिटा-दोन मिनिटांत उडून जाते. आपली मधमाशी १० अंशांच्या खाली सहसा पोळं सोडत नाही, ही मात्र जवळजवळ शून्याला आलेल्या हवेतही फुलांवर जाते.

केस लांब आणि दाट, शरीर मोठं, हे तर दिसतंच. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती आतली व्यवस्था. छाती आणि पोट यांच्या मधला जो बारीक सांधा असतो तिथून गरम रक्त मागं जातं आणि थंड रक्त पुढं येतं, दोन्ही एकमेकांना चिकटून, त्यामुळे उष्णता तिथल्या तिथे परत मिळते आणि छातीतच राहते. गरज पडली की बंबलबी ही अडवणूक सैल करून उष्णता पोटात सोडू शकते. समशीतोष्ण भागातल्या राण्या हे मुख्यतः घरट्यात अंडी उबवताना करतात. बर्न्ड हाइनरिक आणि डॅनियल व्होग्ट यांनी १९९३ मध्ये दाखवलं की पोलॅरिसची राणी बाहेर फुलांवर फिरतानासुद्धा पोट गरम ठेवते. कारण बहुतेक हे की अंडाशय लवकर तयार व्हावेत. इतकी घाई कशासाठी, ते पुढं येतंच.

पण ही सगळी ऊब फुकट नाही, आणि इथेच बहुतेक व्हिडिओ थांबतात. उष्णता म्हणजे साखर, आणि साखर म्हणजे मकरंद. थंडीत प्रत्येक मिनिटाला ती पोटातली साखर जाळत असते. फुलं जवळजवळ असतील आणि त्यांत मकरंद असेल तर शून्य अंशातसुद्धा तिचा हिशेब जमतो, पण फुलं विरळ असतील किंवा दोन दिवस पावसाळी वारा सुटला तर १० अंशातसुद्धा जमत नाही. म्हणून मला कोणी विचारलं की आर्क्टिकमधल्या बंबलबीला सगळ्यात मोठा धोका कशाचा, तर मी थंडी म्हणत नाही, रिकाम्या दिवसांचा म्हणते. बंबलबी मधमाशीसारखा मधाचा साठा करत नाही, घरट्यात थोडासा मकरंद असतो तो एखाद-दोन वाईट दिवसांपुरताच.

आता वेळापत्रक, कारण तिचं सगळं आयुष्य त्यावर बेतलेलं आहे. आपल्याकडं कास पठारावर जसं सगळं फुलायचं ते ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत उरकून घ्यावं लागतं, तसंच तिथं, फक्त तिथं मागे उरलेले दहा महिने गोठलेले असतात. जूनमध्ये बर्फ वितळायला लागतो आणि मागच्या वर्षी मीलन झालेली राणी जमिनीतून बाहेर येते, एकटी. मागच्या वर्षीच्या वसाहतीतलं दुसरं कोणीही जिवंत नसतं, जुनी राणी, कामकरी, नर सगळे शरद ऋतूतच संपलेले असतात. त्या वेळी फुललेलं असतं ते मुख्यतः दोनच: आर्क्टिक विलो, म्हणजे जमिनीवर सरपटणारं बुटकं झुडूप, आणि जांभळी सॅक्सिफ्रेज, जी बर्फ हटल्या हटल्या उमलते. राणी त्यावर पोट भरते आणि घरट्याची जागा शोधते. बरेचदा लेमिंगचं म्हणजे तिथल्या छोट्या उंदरासारख्या प्राण्याचं सोडून दिलेलं घरटं पसंत करते, कारण त्यात सुकं गवत, शेवाळ, केस आयते असतात. मग ती अंडी घालते, त्यावर पोट टेकवून उबवते, मध्ये उठून मकरंद-पराग आणते, परत येऊन उबवते. ती बाहेर जितका वेळ असेल तितका वेळ अळ्या गार पडत असतात.

पहिली खेप कामकऱ्यांची. इंग्लंडमध्ये किंवा जर्मनीत बंबलबीच्या एका वसाहतीत कामकऱ्यांच्या खेपांमागून खेपा निघतात, काही जातींत शेकडो होतात, मग उन्हाळ्याच्या शेवटी नवीन राण्या आणि नर. अतिउत्तरेत तेवढा वेळच नाही. तिथं पोलॅरिस कामकऱ्यांची बहुधा एकच खेप काढते, मूठभर, आणि लगेच पुढची खेप थेट नवीन राण्या आणि नर. केनेथ रिचर्ड्सने लेक हेझनला या घरट्यांवर सविस्तर काम केलं, ते १९७३ मध्ये छापून आलं, आजही आम्ही त्याकडेच वळतो. हे लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या प्रश्नात लागणार आहे: तिथं एका हंगामात फुलांवर जे काम होतं त्यातला मोठा वाटा राण्यांचाच असतो, आणि राण्या मोजक्या.

तिलाही एक वैरी आहे, तो तिच्याच नात्यातला. बॉम्बस नॅटविगी नावाची दुसरी बंबलबी, तिला स्वतःच्या कामकरी नसतातच. तिची राणी पोलॅरिसच्या घरट्यात घुसते, ताबा घेते आणि पोलॅरिसच्या कामकऱ्यांकडून स्वतःची पिल्लं वाढवून घेते. ग्रीनलंडमध्ये मूळच्या बंबलबी याच दोन, एक कमावणारी आणि दुसरी तिच्यावर जगणारी. तेव्हा तिथं जाऊन मोठी केसाळ बंबलबी दिसली की ती परागीभवनाचं सारखंच काम करतेय असं धरून चालत नाही.

हंगाम छोटा असला तरी चोवीस तास उजेड असतो, मग ती चोवीस तास काम करते का, हे पण लोक हमखास विचारतात. उत्तर फिनलंडमध्ये राल्फ स्टेल्झर आणि लार्स चिटका यांनी बंबलबींच्या पाठीवर छोट्या चिप लावून बघितलं होतं, २०१० चं काम आहे. जाती दुसऱ्या होत्या, पण निकाल बोलका होता: मध्यरात्रीचा सूर्य असतानाही त्या रात्रीच्या सुमाराला काही तास घरट्यात परततात. गार तासांत बाहेर राहण्यापेक्षा आत अळ्या उबवणं फायद्याचं असणार, असं मला वाटतं.

आता तुमचा मधला प्रश्न: ती संपली तर सगळी फुलं संपतील का?

नाही. "सगळी" हा शब्द चुकीचा आहे. पण म्हणून ती बिनमहत्त्वाची आहे असंही नाही, आणि हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं ते समजून घ्यायला आम्ही ते मोजतो कसं हे सांगायला हवं.

फुलावर कीटक बसला म्हणजे परागीभवन झालं असं होत नाही. कोणी नुसता मकरंद पितो आणि पराग अंगाला लागतच नाही, कोणी फुलाला मागून भोक पाडून चोरी करतो, कोणी पराग घेतो पण पुढं दुसऱ्याच जातीच्या फुलावर जातो. म्हणून आम्ही फुलं उमलायच्या आधी काही झाडांवर बारीक जाळीच्या पिशव्या बांधतो, कोणीच आत येऊ नये म्हणून. काही फुलांना ब्रशने हाताने पराग लावतो. काही तशीच उघडी सोडतो. मग हंगामाच्या शेवटी बिया मोजायच्या. पिशवीतल्या फुलालाही भरपूर बिया आल्या तर ते झाड स्वतःच्या परागावर भागवतंय. पिशवीत काहीच नाही आणि उघड्यावर भरपूर, तर कीटक लागतो. आणि हाताने लावलेल्यात उघड्यापेक्षा बऱ्याच जास्त बिया आल्या, तर त्याचा अर्थ कीटक लागतो पण पुरेसा येत नाहीये. शेवटचा निकाल मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, कारण नुसतं बघून तो कधीच कळत नाही, रान फुललेलंच दिसतं.

हे करत गेलं की टुंड्रातली फुलं वेगवेगळ्या गटांत पडतात. ड्रायस नावाचं पांढरं, थाळीसारखं उघडं फूल आणि आर्क्टिक पॉपी, ही दोन्ही सूर्याच्या मागं वळत राहतात, त्यामुळे फुलाच्या मधली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंश गरम राहते. पीटर केवनने १९७५ मध्ये हे लेक हेझनवरच्या कामातून मांडलं. त्या उबेला छोटे कीटक येऊन बसतात, डास पण येतात, हो, डाससुद्धा मकरंद पितात. अशा उघड्या फुलांना बंबलबीची गरज नाही, कोणीही येऊन अंग घासलं की झालं. ईशान्य ग्रीनलंडमध्ये झॅकनबर्ग इथं संशोधन केंद्र आहे, १९९६ पासून सलग नोंदी आहेत, तिथं २०१६ मध्ये आलेल्या एका अभ्यासात ड्रायसची बीजधारणा घरमाशीच्या कुळातल्या साध्यासुध्या माश्यांवर अवलंबून असल्याचं दिसलं. म्हणजे अतिउत्तरेत परागीभवनाचा मुख्य भार माश्यांवर आहे. बंबलबी फोटोत छान दिसते म्हणून सगळं श्रेय तिला जातं, आणि या माश्यांचं नावही कोणी घेत नाही, हे मला खरंच खटकतं.

मग बंबलबी कुठे? बंद दरवाज्याच्या फुलांवर. पेडिक्युलॅरिस म्हणून एक वनस्पती आहे, लोकरीसारखे केस असलेलं जाड देठ आणि त्यावर गुलाबी फुलांचा झुपका, फुलाला वर टोपी आणि खाली ओठ. मकरंद खोल आत, परागकोष टोपीच्या आत. छोटी माशी त्यावर बसून काही साधत नाही, तिच्या वजनाने काही हलतही नाही. बंबलबी मात्र ओठावर उभी राहते, लांब जीभ आत घालते आणि टोपीतला पराग बरोबर तिच्या पाठीवर किंवा डोक्यावर लागतो. तसंच अॅस्ट्रॅगॅलस आणि ऑक्सिट्रोपिस, या आपल्या तूर-हरभऱ्याच्या कुळातल्या. त्यांची खालची पाकळी नावेसारखी मिटलेली असते, ती वजनाने खाली दाबली तरच आतले केसर बाहेर येतात. अशा फुलांसमोर शंभर माश्या आल्या तरी एका बंबलबीची भरपाई होत नाही. आणि या कुळातल्या वनस्पती मुळांच्या गाठींत हवेतला नायट्रोजन पकडतात, जो टुंड्राच्या निकस मातीत फार कमी असतो, त्यामुळे त्यांच्या बियांचा प्रश्न त्यांच्यापुरता राहत नाही.

विलोचं मधलं आहे, थोडं वारा करतो, थोडं कीटक. पण तिथे उलट बाजू महत्त्वाची आहे, विलोला बंबलबी लागते त्याहून जास्त बंबलबीला विलो लागतो, कारण जूनमध्ये राणीला दुसरं फारसं काही नसतंच.

आणखी एक गोष्ट, जी बिया मोजून लगेच दिसत नाही. टुंड्रात फुलांचे पट्टे तुटक असतात, मध्ये दगड, बर्फ, पाणी. छोटी माशी बहुतेक एका पट्ट्यातच घुटमळते. गरम अंगाची मोठी बंबलबी एका पट्ट्यातून दुसऱ्यात, वाऱ्यातसुद्धा, सहज जाते आणि लांबचा पराग आणते. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर मूळची बंबलबी नाही, तरीही तिथं पेडिक्युलॅरिस आहे, फुलते, स्वतःच्याच परागावर बी धरते. म्हणून कोणी म्हणेल बघा, बंबलबीशिवाय चालतंय. चालतंय, पण पिढ्यानपिढ्या स्वतःच्याच परागावर चालणाऱ्या झाडांत विविधता उरत नाही, आणि हवामान बदलायला लागलं की नेमकी तीच लागते. शिवाय स्वालबार्डची झाडं हजारो वर्षांत त्या परिस्थितीला बसली आहेत. जिथं आज बंबलबी आहे तिथून ती एकाएकी गेली तर तिथल्या झाडांना तेवढा वेळ मिळणार नाही.

इथवरचं थोडक्यात: उघड्या फुलांचं माश्या सांभाळतात, मिटलेल्या फुलांचं बंबलबी सांभाळते आणि लांबचा पराग तीच आणते. पण कुठल्या जागी किती, हे बदलतं. अगदी उत्तरेला फुलांच्या जातीच कमी आणि माश्यांचा जोर जास्त. थोडं खाली, दक्षिण नुनावुतमध्ये किंवा कॅनडाच्याच लॅब्राडोरकडं आलात की ब्लूबेरीच्या नात्यातली झुडपं भरपूर, त्यांची फुलं खाली तोंड केलेल्या घंटेसारखी, आणि तिथं बंबलबीचं वजन वाढतं. ऑगस्टमध्ये तिथली मूळची इनुइट कुटुंबं डबे-बादल्या घेऊन बेरी वेचायला जातात, तो तिथला मोठा कार्यक्रम असतो, आणि त्या बेरीमागं जूनमधलं कीटकांचं काम असतं. वर्षावरही अवलंबून आहे. बर्फ उशिरा गेला, राण्या कमी वाचल्या, तर त्या वर्षी त्याच जागी त्याच फुलाचा निकाल वेगळा येतो. म्हणून एका हंगामाच्या आकड्यांवरून कोणी ठाम बोलायला लागलं की मी सावध होते.

आता समजा ती खरंच गेली, तर काय दिसेल? पहिल्या वर्षी काहीच नाही. दहाव्या वर्षीही कदाचित फार नाही. तिथली बरीच झाडं दीर्घायुषी आहेत, आर्क्टिक विलोची शंभरीच्या पुढची झुडपं सापडली आहेत, ड्रायससुद्धा पसरत पसरत कित्येक दशकं जगतो. जुनी झाडं दरवर्षी फुलत राहतील आणि प्रवासी फोटो काढत राहतील. कमी होत जातील ती नवीन रोपं. बर्फ मागं हटून जी नवी जमीन मोकळी होतेय तिथं पेडिक्युलॅरिस, अॅस्ट्रॅगॅलस पोचणार नाहीत. "फुलं संपतील" हे वाक्य म्हणूनच मला आवडत नाही, लोक फुलं आहेत की नाहीत एवढंच बघतात, फुलं दिसली की निर्धास्त होतात, आणि बिघाड झालेला असतो बियांमध्ये.

हवामानाचं पण बोलायलाच हवं. गरम झालं तर थंडीतल्या बंबलबीला बरंच की, असं वाटू शकतं. तसं होत नाही. झॅकनबर्गच्या नोंदींत फुलांचा हंगाम लांबण्याऐवजी आखडलेला दिसला, कारण वेगवेगळ्या जाती एकदमच फुलतात आणि एकदमच संपतात, आणि फुलांवर येणाऱ्या माश्यांची संख्याही घटलेली दिसली. बंबलबीच्या वसाहतीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग फुलं लागतात, मध्ये आठवडाभर खंड पडला तर नवीन राण्यांची खेपच बुडू शकते. दुसरं म्हणजे उष्णता साठवायला बनलेलं हे शरीर उष्णता टाकायला फारसं चांगलं नाही. युरोपातल्या जातींवर उष्णतेच्या चाचण्या झाल्या, त्यात बॉम्बस अल्पायनससारख्या आर्क्टिकमधल्या आणि उंच डोंगरांतल्या जाती मैदानी जातींच्या मानाने लवकर कोलमडल्या. युरोपच्या २०१४ च्या लाल यादीत अल्पायनस धोक्यात म्हणून नोंदलेली आहे. उत्तर अमेरिका आणि युरोप मिळून २०१५ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, त्यात बंबलबींच्या बऱ्याच जाती दक्षिणेकडची हद्द सोडताना दिसल्या, पण उत्तरेकडं तेवढ्या सरकताना दिसल्या नाहीत. पोलॅरिससारखीला तर उत्तरेकडं सरकायला पुढं समुद्रच आहे.

त्याच वर्षी कोलोरॅडोच्या पर्वतांतला एक अभ्यास आला तोही मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथं उंचावरच्या दोन बंबलबींची जीभ सुमारे चाळीस वर्षांत जवळपास एक चतुर्थांशाने आखूड झालेली आढळली. कारण असं मांडलं की गरमीमुळे एकूणच फुलं कमी झाली, तेव्हा मिळेल त्या फुलावर भागवणाऱ्या आखूड जिभेच्या बंबलबी जास्त टिकल्या. बंबलबी वाचली असं म्हणता येईल, पण लांब नळीच्या फुलांसाठी ती निम्मी गेल्यासारखीच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नुसतं "आहे की संपली" यात मिळत नाही ते यामुळेच. बंबलबी जिवंत असूनही तिचं काम कमी होऊ शकतं.

तिसरा प्रश्न, पॉलिहाऊस. पोलॅरिस आणायचा विचार पूर्ण सोडून द्या. तिची वसाहत मूठभरांची, वर्षातून एकच, आणि आपल्या पॉलिहाऊसमधली ३५-४० अंशांची दुपार तिला सोसणार नाही. परदेशात टोमॅटोसाठी जी बंबलबी विकत मिळते ती बॉम्बस टेरेस्ट्रिस, १९८० च्या दशकाच्या शेवटी बेल्जियम-नेदरलँड्सकडं तो धंदा सुरू झाला. ती चिलीत १९९० च्या दशकाच्या शेवटी नेली, तिथून पसरली, आणि तिथली मूळची प्रचंड मोठी बंबलबी, बॉम्बस डालबोमी, त्यानंतर बऱ्याच भागांतून नाहीशी झाली. त्यामुळे बाहेरची बंबलबी आणून सोडणं हा विचारच मला धोक्याचा वाटतो, आणि जिवंत कीटक असे सरकारी परवानगीशिवाय आणताही येत नाहीत. भारतात हिमाचल प्रदेशात सोलनजवळ नौणीच्या विद्यापीठात हिमालयातल्या बॉम्बस हेमोरॉयडॅलिसवर पॉलिहाऊस टोमॅटोसाठी काम झालंय, पण ते डोंगराळ, गार भागासाठी. तुम्ही कुठल्या तालुक्यात आहात ते लिहिलं नाहीत, पण महाराष्ट्रात असाल तर टोमॅटोला फुलाला हादरा मिळाला की झालं. उघड्या शेतात वारा ते काम करतो. पॉलिहाऊसमध्ये सकाळी उशिरा, हवा कोरडी झाल्यावर, फुलांच्या घोसांना व्हायब्रेटर लावा किंवा आधाराच्या तारा हलवा, ब्लोअरनेही जमतं. आणि गुणगुणून पराग हलवणाऱ्या माश्या आपल्याकडं आहेतच, तोच कार्पेंटर भुंगा आणि पोटावर निळे पट्टे असलेली अमेजिला. त्यांच्यासाठी बांधावर जुनं वाळलेलं लाकूड आणि मातीचा एखादा न खणलेला, न लिंपलेला उंचवटा राहू द्या, आणि फुलं उमललेली असताना सकाळी कीटकनाशक मारू नका.

कधी आइसलँड, उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो किंवा कॅनडातल्या युकॉनकडं जाणं झालं तर बंबलबीचा फोटो जरूर काढा. नुसता वरून नको, बाजूने एक, तोंडाचा एक आणि मागच्या पायाचा एक घ्या, कारण जात ओळखायला गालाची लांबी आणि पायावरची परागाची टोपली बघावी लागते. ती कुठल्या फुलावर होती ते फूल आणि पानंही फोटोत येऊ द्या, तारीख आणि हवा कशी होती ते लिहून ठेवा. उत्तर अमेरिकेतला असेल तर बंबल बी वॉच या साइटवर टाकता येतो, बाकी कुठलाही आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर. आमच्यासारख्यांना त्या भागात सगळीकडं पोचता येत नाही, आणि जूनमधल्या पहिल्या राणीची एखादी तारीखवार नोंद मिळाली तरी आम्हाला ती खूप कामाला येते.